एकोणपन्नास खवल्यांचे तांडेल सर

रविवार, २५ मे. सकाळी साडेनऊ. स्थळ: वरोर, तांडेल सरांच्या घराचा ओटा.

हजर: घरत सर (गणित), लहानू (शिपाई), भरतभाई (व्हॅनचे मालक आणि चालक), मी राऊत (शाळेची क्लार्क, नोंद माझ्याकडे). यजमान: तांडेल सर (चित्रकला, आजारपणाच्या रजेवर). गैरहजर: व्याळ. कारण: झोपलेला.

ही नोंद माझ्याच अक्षरात आहे आणि व्याळाची गैरहजेरी मी अजिबात न हसता लिहिली होती. व्याळ म्हणजे ड्रॅगन. देवळाच्या भिंतीवर दात विचकून उभा असतो त्याचा चुलतभाऊ समजा. पंख, शेपूट आणि अंगभर खवले. त्याचा एक धर्म होता. धर्माची स्थापना चारोटी नाक्यावर वडापावच्या गाडीशेजारी झाली, संस्थापक तांडेल सर होते, आणि अनुयायांची संख्या एका व्हॅनमध्ये मावत होती.

सरांबद्दल लिहायला बसले तेव्हा सवयीने आधी यादी केली: जन्म, शिक्षण, नोकरी, कुटुंब. मग ती फाडली. तेवढी माहिती त्यांच्या सेवापुस्तकात आहे. ते सेवापुस्तक मीच भरलेलं आहे आणि त्यात सर कुठेही सापडत नाहीत. सापडतात ते त्यांच्या पेन्सिलींच्या वासात. घर मच्छीमारांचं, त्यामुळे पेन्सिलीला टोक काढायला ते मासळी साफ करायची सुरी वापरत. चित्रकलेचा तास संपला की पुढच्या तासाच्या बाई वर्गात शिरताच खिडक्या उघडत. कानावर पेन्सिल, पायात चपला, डब्यात सुके बोंबील, आणि तोंडात एक वाक्य: "ज्याला घाई आहे त्याने पोहत जावं."

आमची शाळा तलासरी तालुक्यात, वेवजीच्या बाजूला. आणखी थोडं पुढे गेलं की गुजरात. आम्ही बहुतेक डहाणूकडचे. तांडेल सर वरोरहून पहिल्या एसटीने डहाणूला येत, तिथून ते, घरत सर आणि मी भरतभाईंच्या व्हॅनमध्ये बसत असू. लहानू चारोटीला चढायचा. म्हणजे चढणं अपेक्षित असायचं. त्याचा पाडा नाक्यापासून आत आहे आणि तो चालत येतो. मी पाच वर्षांचा हिशोब ठेवला नाही, पण तो वेळेवर आला ते दिवस मला एकेक करून आठवतात.

अशाच एका सकाळी नाक्यावर थांबलो होतो. घरत सर घड्याळ बघत होते.

"रोज एका माणसासाठी चार माणसं थांबतात. गुणोत्तर बघा जरा."

"ज्याला घाई आहे त्याने पोहत जावं," तांडेल सर म्हणाले.

"इथे पाणी कुठे आहे?"

"म्हणून तर म्हणतो, थांब."

मग सरांनी वडापावचा कागद गुळगुळीत केला आणि त्यावर एक डोंगर काढला. दोन रेघा वाढवल्यावर तो डोंगर झोपलेला प्राणी झाला. सर म्हणाले, हा व्याळ. याच्या पायथ्याशी एक पाडा आहे. तिथली माणसं जन्मतात तेव्हा आपल्यासारखीच गुळगुळीत असतात. पण कोणी काही बरं केलं, जे कोणी सांगितलेलं नव्हतं आणि केलं नसतं तरी चाललं असतं, तर त्याच्या पाठीवर एक खवला उगवतो. पन्नास झाले की पंख फुटतात.

ही गोष्ट सर कितीतरी वर्षं चित्रकलेच्या वह्यांत काढत होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. अकरा वह्या. अकराव्या वहीचं शेवटचं पान कोरं.

"आणि स्वतःला कसं कळतं किती झाले ते?" मी विचारलं. मोजण्याचा प्रश्न मीच विचारणार.

"कळत नाही, राऊतबाई. खवला पाठीवर असतो. दुसऱ्याने बघून सांगावं लागतं."

तेवढ्यात लहानू आला. गाडी सुटली. सर मागच्या सीटवरून म्हणाले, "पहिला खवला भरतभाईंचा. काल हायवेवर फळी पडली होती. गाडी बाजूला लावून हा माणूस मागे चालत गेला आणि ती उचलून आला. आपल्याला सांगितलं लघवीला जातोय."

भरतभाई आरशात बघून लाजले. "अरे साहेब, एमां शूं, त्यात काय! कोई मोटरसायकलवाला पडला असता ने."

मी पर्समधली छोटी वही काढली आणि लिहिलं: भरतभाई, १. साक्षीदार: तांडेल. झाला धर्म.

नियम हळूहळू तयार झाले, कारण घरत सर रोज नवी पळवाट शोधत. घरत सर शिस्तीचे. पाच मिनिटं आधी येणारे, रुमालाच्या चार घड्या घालणारे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतः जाहीर केलं की काल आपण एका बाईला रांगेत पुढे जाऊ दिलं, तरी एक खवला लिहावा.

"कोणी पाहिलं?" तांडेल सर.

"मी पाहिलं."

"तू स्वतःची पाठ पाहिलीस?"

"आरशात दिसते!"

त्या दिवशी धर्मात फूट पडली. घरत सरांनी आरसा पंथ काढला. त्याचे संस्थापक, प्रमुख आणि सगळे भक्त ते स्वतः. स्वतःचे खवले स्वतःच्या डायरीत लिहायला त्यांनी सुरुवात केली. माझ्या वहीत ते सहावर होते तेव्हा त्यांच्या डायरीत एकाहत्तर झाले होते. तांडेल सरांनी पंथाचं मनापासून स्वागत केलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं चित्र काढून आणलं: एक व्याळ, गळ्यात आरसा, मान मागे वळवून पाठ बघत चाललाय, पुढचा पाय विहिरीवर. व्याळाच्या खिशात चार घड्यांचा रुमाल. घरत सर तीन दिवस पुढच्या सीटवर बसले. चित्र मात्र त्यांनी फेकलं नाही. लॉगॅरिदमच्या पुस्तकात ठेवलं, मी पाहिलंय.

खरं भांडण झालं ते चौथ्या नियमावरून. पन्नास झाले की पंख फुटतात हे सगळ्यांना मान्य होतं. पण सर म्हणाले, पंख फुटले तरी उडता येत नाही. पाड्यातल्या शेवटच्या माणसाचा शेवटचा खवला उगवेपर्यंत सगळ्यांनी खालीच थांबायचं. मग सगळे एकदम. आणि आपला पाडा म्हणजे ही व्हॅन.

"हा कसला धर्म?" घरत सर भडकले. "माझं गणित बरोबर आलं तर मला पैकीच्या पैकी मिळाले पाहिजेत. लहानूचं चुकलं म्हणून माझे मार्क कापायचे?"

"मार्क कापत नाहीये. निकाल एकत्र लावतोय."

"साधना ज्याची त्याची असते, तांडेल! मोक्ष काय गटाने मिळतो?"

"घरत, तू वरोरला ये एकदा. होडी किनाऱ्यावर ओढतात ते बघ. तू तुझ्या वाट्याची दीड फूट होडी वर नेशील आणि बाकीची पाण्यात ठेवशील काय?"

लहानू तेव्हा तीन खवल्यांवर होता. तो शांतपणे म्हणाला, "माझी चिंता नको सर. मी उडून जाणार कुठे? उंबरगावला?"

सरांनी त्यावर पहिल्या वहीतली गोष्ट सांगितली. व्याळाच्या पाड्यात एक तपस्वी होता. नियम येण्याआधीची गोष्ट. त्याने पन्नास खवले केले आणि एकटाच उडाला. वर गेला. ढग, ऊन, सगळं झकास. संध्याकाळी परत खाली. लोक म्हणाले, का रे? तो म्हणाला, वर माझ्या पाठीकडे बघायला कोणी नव्हतं. एक खवला खाजत होता, तो खरा की खोटा ते कळेना.

"पण उडाला ना?" घरत सर म्हणाले.

"उडाला."

"मग झालं तर!"

हा वाद पाच वर्षं चालला. चारोटी ते वेवजी, जाता-येता.

शेवटचं पान कोरं होतं ते याच नियमामुळे. सगळ्यांचे पन्नास होतील त्या दिवशी सर त्यावर उड्डाणाचं चित्र काढणार होते. त्यात आम्ही पाचजण, नावानिशी. त्याआधी एक रेघही नाही. घरत सर एक जूनला जन्मलेल्या महाराष्ट्रातल्या असंख्य मास्तरांपैकी एक. एकतीस मेला निवृत्त होणार हे कधीचं ठरलेलं. त्यांची बायको वारली होती, मुलगी दूर. त्या चित्रात आपण असावं, आणि नोकरी संपायच्या आत असावं, एवढी एकच गोष्ट ते मनापासून मागत होते. मागण्याची पद्धत मात्र वसुलीवाल्याची होती.

पाचवा नियम चिखलातून आला. वेवजीच्या फाट्याजवळ व्हॅन रुतली. आम्ही सगळे उतरून ढकलली, माझ्या साडीची वाट लागली, आणि घरत सरांनी हात धुता धुता मागणी केली: प्रत्येकी एक खवला.

"नाही," तांडेल सर म्हणाले. "सगळ्यांच्या कामाला खवला नाही. ते पाड्यात राहायचं भाडं."

"म्हणजे एकट्याने केलं तर आरसा पंथ, आणि सगळ्यांनी केलं तर भाडं? मग माणसाने करायचं तरी काय?"

"कोणी बघत नसताना करायचं आणि कोणीतरी बघेल अशी आशा ठेवायची नाही."

"आणि कोणी बघितलंच नाही तर?"

"तर व्याळाने झोपेत कूस बदलली असं समज."

कोणी म्हणेल, मास्तर देवाधर्माची टिंगल करत होते. अजिबात नाही. महालक्ष्मीच्या जत्रेला सर दरवर्षी जात, नारळ देत आणि येताना आमच्यासाठी प्रसाद आणत. "देव वेगळा, व्याळ वेगळा," ते म्हणत. "देवाकडे मागता येतं. व्याळाकडे मागून उपयोग नाही. त्याला ऐकू येत नाही. म्हणून आपल्यालाच एकमेकांकडे बघावं लागतं."

छोटी वही भरली तेव्हा मी शाळेतलं एक जुनं रजिस्टर घेतलं आणि कव्हरवर 'खवले नोंदवही' असं लिहून कपाटात ठेवलं. माझ्या कपाटात शीर्षकाशिवाय काही राहत नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं तेच बाहेर काढलं.

"ही कुठली योजना?"

मी म्हणाले, "गुणवत्ता वाढीची, सर."

"किनारपट्टीसाठी आहे वाटतं?"

"सुरुवात तिकडून झाली, सर."

त्यांनी दोन पानं चाळली, साक्षीदाराचा रकाना पाहून मान डोलावली आणि खाली सही केली: 'पाहिले. नोंदी अद्ययावत ठेवाव्यात.' तांडेल सरांना इतकं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही. म्हणाले, "राऊतबाई, आपल्या धर्माला शासनमान्यता मिळाली."

आता अर्ध्या कपाचं सांगते.

सर फळ्यावर हाताने वर्तुळ काढायचे. एका झटक्यात, कंपास नाही, दोरी नाही. मुलं टाळ्या वाजवायची. एका वर्षी त्यांनी वर्तुळं काढणं बंद केलं. मुलांना फळ्यापाशी बोलवू लागले, "तूच काढ, मी बघतो." मला वाटलं, काहीतरी नवी शिक्षणपद्धती असेल. त्याच सुमारास घरत सरांनी चारोटीला चहाची ऑर्डर बदलली. पूर्ण कपाऐवजी सगळ्यांना अर्धा.

"का हो?" मी विचारलं.

"ॲसिडिटी," ते म्हणाले. "आणि एकेकाचा वेगळा सांगितला की पोऱ्याचा गोंधळ होतो."

चार महिने आम्ही अर्धा चहा प्यालो. मी दोनदा कुरकुर केली. मग एक दिवस सर व्हॅनमध्ये म्हणाले, "राऊतबाई, वही काढा. घरत, पन्नासावा."

"कशाबद्दल?" घरत सर दचकले.

सरांनी उजवा हात पुढे धरला. हात थरथरत होता. पाण्यावर होडी हलते तसा, थांबतच नव्हता. "डॉक्टरांनी नाव सांगितलंय, पण ते मला आवडलं नाही. पूर्ण कप माझ्या हातात सांडतो, हे याने आधी पाहिलं. मला एकट्याला अर्धा दिला असता तर सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून याने सगळ्यांचाच अर्धा केला. याला ॲसिडिटी कधीच नव्हती. दोन वडे खातो रोज."

भरतभाईंनी उगाचच हॉर्न वाजवला.

पुढे मी एकदा घरत सरांची डायरी मागून पाहिली. आरसा पंथाच्या हिशोबाने ते दोनशे बारावर होते. अर्ध्या कपाची नोंद त्यात नव्हती.

डिसेंबरात सर आजारपणाच्या रजेवर गेले. व्हॅनमधली त्यांची जागा आम्ही रिकामी ठेवली. तिथे डबेसुद्धा ठेवत नसू. आणि आता घरत सरांना खरी घाई झाली. एकतीस मे जवळ येत होता, त्याहून जवळ तो हात होता. चित्र काढायचं तर आताच, नाहीतर कधीच नाही.

"उरलेले खवले वाटून टाका ना," ते मला म्हणाले. "लहानूला तीन द्या, तुम्हाला एक. कोण विचारतंय?"

मी सरांना फोन केला. फोनवर सर एवढंच म्हणाले, "खोटा खवला पाण्यात पहिल्यांदा सुटतो, राऊतबाई. आणि एकदा एक सुटला की माणूस बाकीच्यांवरही संशय घेतो."

मग आम्ही वाट पाहिली आणि एकमेकांकडे नीट बघितलं. खरं सांगायचं तर इतकं नीट आधी कधी बघितलंच नव्हतं. मार्चमध्ये लहानूचा पन्नासावा झाला, पाठोपाठ माझा. तो कशाबद्दल ते मी इथे लिहिणार नाही, आरसा पंथात जायची इच्छा नाही. चारोटीला मी उभ्या उभ्या गोषवारा वाचून दाखवला: घरत पन्नास, भरतभाई पन्नास, लहानू पन्नास, राऊत पन्नास. घरत सरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून भजी मागवली. आज संध्याकाळीच वरोरला जाऊ म्हणाले.

लहानू भजी हातात धरून उभा होता.

"मॅडम," तो म्हणाला, "आणि सरांचे?"

मी पान उलटलं. वरती माझ्या सुवाच्च अक्षरात नाव: तांडेल. खाली रकाने. रकान्यांत काही नाही. एकही नाही.

पाच वर्षं. मी, जिच्या कपाटात टाचणीचासुद्धा हिशोब असतो, तिने पाच वर्षं त्या पानावरून पुढे उलटलं होतं. आम्हाला सगळ्यांना वाटत होतं की सर खवले देणारे आहेत. देणाऱ्याला कोण देणार? आणि स्वतःचा खवला स्वतः मागायचा नाही हा नियम त्यांचाच. शून्यावर बसून त्यांनी आम्हाला एकेक करून पन्नासपर्यंत नेलं आणि रोज संध्याकाळी "किती झाले, राऊतबाई?" असं विचारलं. मी रोज चौघांचे सांगितले.

"वाह," घरत सर हळूच म्हणाले. "आपण पाडा मोजला आणि डोंगर विसरलो."

दुसऱ्या दिवसापासून व्हॅनमध्ये एकच काम. पहिला खवला मीच लिहिला: पाच वर्षं कोरं पान पाहून गप्प बसले. मग एकेक येऊ लागले. एका मुलाला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नव्हता. सरांनी वर्गातल्या प्रत्येक खडूवर रंगाचं नाव लिहिलं, म्हणजे त्याच्या एकट्याच्या खडूंवर लिहिलंय असं होऊ नये. तो मुलगा आजही समजतो की खडू असेच विकत मिळतात. भरतभाई म्हणाले, आई दवाखान्यात होती तेव्हा साहेब रोज संध्याकाळी तिच्याशी गुजरातीत भांडायला येत; ती म्हणायची, हा माणूस चुकीचं गुजराती बोलतो, याला शिकवल्याशिवाय मी मरणार नाही. बरी होऊन घरी आली.

लहानू म्हणाला, "मला उशीर झाला की सर नाक्यावर उतरून बुटाची नाडी बांधत बसायचे. म्हणजे त्यांच्यामुळे थांबलोय असं वाटावं."

"लहानूभाऊ, सर चपला घालतात."

"तेच ना, मॅडम. म्हणून तर खवला."

चौथ्या दिवशी घरत सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लिहा. माझी बायको गेली तेव्हा सगळे येऊन बोलून गेले. तांडेल तीन रविवार आला आणि कुंपणाला रंग देऊन गेला. एक शब्द बोलला नाही. रंग भयंकर होता."

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पन्नास झाले. म्हणून पंचवीस तारखेचा तो रविवार.

ओट्यावर खाटेवर सर बसले होते. बारीक झाले होते. वहिनींनी चहा आणला. सगळ्यांना अर्धा कप. मी नोंदवही उघडून एक ते पन्नास वाचलं. सर डोळे मिटून ऐकत होते, मधेच "हे कुणी पाहिलं रे?" असं पुटपुटत. पन्नासावा संपला. घरत सर खिशातून नवी कोरी पेन्सिल काढू लागले.

"एकतिसावा परत वाचा," सर म्हणाले.

मी वाचला: ओढ्याला पाणी चढलं त्या दिवशी पलीकडच्या मुलांना खांद्यावर घेऊन पाड्यात पोचवलं. साक्षीदार: लहानू.

"त्या दिवशी मी रजेवर होतो. हजेरीपट बघा. मुलांना लहानूने नेलं." त्यांनी डोळे उघडले. "लहानू, हा तुझा एक्कावन्नावा आहे. माझ्या पाठीवर कशाला चिकटवतोस?"

लहानू जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमचे पुरत नव्हते, सर."

मी एकतिसाव्यावर रेघ मारली. एकोणपन्नास.

"तांडेल," घरत सरांचा आवाज चढला, "सहा दिवसांनी मी रिटायर होतोय. एका खवल्यासाठी काय अडवतोस? तुझा हात बघ! उद्या तू—" आणि ते थांबले.

"रिटायर शाळेतून होतोयस, घरत. गाडीतून नाही."

तेवढ्यात खाली किनाऱ्यावरून हाक आली. पावसाळ्याआधी होड्या वर घ्यायच्या असतात. हाक आली की हातातलं टाकून सगळी आळी जाते. सर उठले. वहिनी ओरडल्या, "तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंय ना!" सर ओट्यावरून उतरलेसुद्धा. "चल घरत," म्हणाले, "तुझी दीड फूट घ्यायला."

आम्हीही गेलो. भरतभाईंनी पँट दुमडली, घरत सरांनी घड्याळ काढून रुमालात बांधलं. एक म्हातारा आवाज देत होता आणि त्या आवाजावर सगळे एकदम ओढत होते. मी दोर धरून मागे वळून पाहिलं. सर दोराच्या टोकाला, दोन्ही हात दोरावर, चपला वाळूत कुठेतरी हरवलेल्या. एवढ्या माणसांच्या जोराने दोर थरथरत होता. कोणाचा हात थरथरतोय ते कळत नव्हतं. होडी हलली तेव्हा सर मोठ्याने हसले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. गणपती झाले आणि सर गेले.

त्या रविवारी वरोरहून परत येताना व्हॅनमध्ये वाद पेटला होता. घरत सर म्हणाले, डॉक्टरांनी मनाई केलेली असताना दोर धरला, हाच पन्नासावा, लिहा. लहानू म्हणाला, "सगळ्यांच्या कामाला खवला नाही, सर. त्यांचाच नियम." घरत सर म्हणाले, मग नियम बदला. लहानू म्हणाला, बदलणारा कोण? डहाणू येईपर्यंत मिटलं नाही.

दहाव्या-बाराव्यानंतर वहिनींनी अकरावी वही मला शाळेत आणून दिली. शेवटचं पान कोरं नव्हतं. त्यावर शाईने, वाकड्यातिकड्या, थरथरलेल्या रेघांनी भरतभाईंची व्हॅन काढलेली. तिला व्याळाचे पंख. आत आम्ही चौघं, ओळखू येण्याइतके. घरत सरांच्या खिशात रुमाल. मागचं दार उघडं, सरांची जागा रिकामी. पंख उघडलेले, पण चाकं जमिनीवर. आणि जमिनीची ती एक रेघ तेवढी पेन्सिलने.

आम्ही चौघांनी ते पान माझ्या टेबलावर उघडून पाहिलं. निवृत्त झालेले घरत सर त्यासाठी तलासरीपर्यंत आले होते.

"रेघ पुसली की उडते," लहानू म्हणाला.

मी नोंदवही आणि पेन पुढे केलं. "घरत सर, होडीचा खवला लिहू का? तुम्हीच म्हणत होता."

आरसा पंथाच्या प्रमुखांनी चष्मा काढून पुसला. "नको," ते म्हणाले. "खोटा असला तर वर गेल्यावर सुटेल. नीट आठवा सगळ्यांनी. एखादा खरा राहिला असेल."

दर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन येतो. "सापडला का?" मी म्हणते, नाही अजून. लहानू विचारतो, भरतभाई विचारतात. माझ्या टेबलाच्या वरच्या खणात घरत सरांनी दिलेलं नवं खोडरबर आहे, वेष्टनासकट. आजच्या कामांच्या यादीत बाकी सगळ्यावर खूण झाली. खालच्या ओळीवर नाही: तांडेल, खवला क्रमांक ५०. साक्षीदाराचा रकाना रिकामा.